अंडं अडलं, चिप्स सरकल्या

ताई,

तीन आठवड्यांपूर्वी माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं, ऑपरेशन झालं. वय ३८. पहिले पंधरा दिवस पातळ पदार्थांवर बरे गेले, नऊ किलो उतरले. आता मिक्सरमधून काढलेलं खायचं, असं आहाराच्या तक्त्यात लिहिलंय. गेल्या रविवारी भाचीचा वाढदिवस होता. सगळे मजेत जेवत होते आणि मला माझ्या वाटीतल्या लगद्याकडे बघवेना. म्हणून एक उकडलेलं अंडं खायला घेतलं. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात नुसती फेसाळ लाळ येत राहिली, शेवटी उलटी झाली तेव्हा सुटले. दोन दिवसांनी पुन्हा अंड्याचा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मधल्या एका संध्याकाळी मात्र मुलाच्या ताटलीतल्या बटाट्याच्या चिप्स खाल्ल्या, दहा-बारा असतील, त्या काही न होता गेल्या. म्हणजे पोट ताणलं गेलं का? आतली शिवण उसवली असेल का? त्यात सहा दिवस झाले, वजनाचा काटा हललेला नाही. पाणी दिवसभरात जेमतेम लिटरभर जातं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आई रोज म्हणते, ‘हे नवं खूळ काढलंसच कशाला, दोन घास नीट जात होते ते काय वाईट होतं?’ काल रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आणि खरं सांगू, मला भूक लागलेलीच नव्हती. मग मी रडले कशासाठी?

– अर्ध्या वाटीत अडकलेली

तुमचं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायच्या आधी तुम्हाला उलट टपाली तीनच प्रश्न विचारले, आठवतंय ना? ताप आहे का, नाडी किती आहे, उलट्या किती वेळा. तुम्ही कळवलंत की ताप नाही, नाडी ८२, त्या दोन सोडून उलटी नाही. तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. या तिन्हींतलं एकही उत्तर वेगळं आलं असतं, तर हे लांबलचक उत्तर मी लिहीतच बसले नसते. ‘आत्ताच्या आत्ता सर्जनना फोन करा’ एवढी एक ओळ पाठवून मोकळी झाले असते.

शिवण उसवते तेव्हा ती गप्प बसत नाही. ताप चढतो, नाडी १२०च्या वर जाऊन तिथेच राहते, पोटातलं दुखणं तासागणिक वाढतं, कधी डाव्या खांद्यात कळ येते, दम लागतो. असं काही झालं तर रात्र आहे की सुट्टी आहे हे बघायचं नाही, निघायचं. पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तरी तेच. रक्ताच्या गाठीचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे असतो, म्हणून तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून चालायला लावतात. तुमच्या सांगण्यात यातलं काही दिसत नाही. तरी दोन उलट्यांची गोष्ट सर्जनच्या कानावर घाला. ‘तक्ता मोडला म्हणून रागावतील’ या भीतीने लोक नेमकी हीच गोष्ट लपवतात.

तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता टाकलंय आणि मला सगळ्यांत जास्त तेच खुपलं. अंधारी. अंड्यापेक्षा, वजनाच्या काट्यापेक्षा मला त्याची काळजी आहे. लिटरभर पाणी कमी पडतंय. दीड ते दोन लिटर जायला हवं. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात लोक पुन्हा हॉस्पिटलात भरती होतात त्याच्या मुख्य कारणांत शरीर कोरडं पडणं हे एक आहे. आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेत असाल, तीही नऊ किलोंपूर्वीच्याच मापाची, तर ती तुमच्या आताच्या अंगाला जड होत असेल. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारायला थांबूच नये. खाणं एकदम इतकं कमी झाल्यावर जुन्या मात्रेने साखर धाडकन खाली येऊ शकते.

पाण्याचा हिशोब मी सगळ्यांना असा करून दाखवते. तुम्ही दिवसाचे १४ तास जाग्या असता. दीड लिटर भागिले १४, म्हणजे तासाला शंभर मिलिलिटरच्या किंचित वर. एक घोट १५ मिलिलिटरचा धरला तर तासाला सात घोट. ‘दीड लिटर’ ऐकून छाती दडपते. सात घोट कुणालाही जमतात. अट एवढीच की तहान लागायची वाट बघायची नाही, कारण आता ती पूर्वीसारखी वेळेवर लागेल याचा भरवसा नाही. बाटली हाताशी ठेवा, घड्याळाकडे बघा. गार पाण्याने कळ येत असेल तर कोमट घ्या, कोमटाने मळमळत असेल तर गार. या दिवसांत जिभेचे आणि नाकाचे चोचले विचित्र असतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. फसफसणारी पेयं मात्र नकोत. लघवी फिकट पिवळी झाली की समजा हिशोब जमला.

आता अंड्याकडे. तुमच्या पोटाचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के, काढून टाकलाय. उरली आहे ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. पण फरक फक्त मापाचा नाही. जुनं पोट पिशवीसारखं होतं. घास आला की सैल व्हायचं, सरकून जागा करून द्यायचं. सैल होणारी ती बाजूच गेली. आणि ही नळी सध्या सुजलेली आहे, लांबच लांब स्टेपलच्या रेषेवर आतून भरून येतेय. तुमच्या हातावर अशी जखम असती तर तिच्यावर तुम्ही रबराचा तुकडा घासला असता का? घट्ट उकडलेल्या अंड्याचं पांढरं म्हणजे जवळजवळ रबरच, आणि बलक कोरडा भुगा. त्यात तुम्ही ते वाढदिवसाच्या गप्पांत खाल्लंत. गप्पा मारताना कुणी वीसदा चावत नाही, मीही नाही.

तेव्हा पोट ताणलं गेलेलं नाही. जे अडलं ते नळीच्या तोंडाशी अडलं. तोंडात आलेली ती फेसाळ लाळ हीच त्याची खूण. वाट बंद आहे हे कळलं की शरीर लाळ सोडत राहतं, आणि ती खाली जाऊ शकत नाही म्हणून वर येते. अशा वेळी पाण्याने ढकलायला जाऊ नका, त्याने दुखणं दुप्पट होतं. उठा, खोलीत फेऱ्या मारा, लाळ थुंकून टाका, वाट बघा. उलटी झाली तर पुढचा दिवसभर पुन्हा पातळावर. तिथेच तुमचं थोडं चुकलं. पहिल्या उलटीनंतर पोटाला नीट उसंत मिळाली नाही आणि दोन दिवसांनी त्याच अंड्याशी पुन्हा सामना मांडलात. पोट बरं होत असताना त्याची परीक्षा घेत बसायचं नसतं.

जाता जाता हेही सांगून ठेवते, की सूज उतरेल तसतसं तुम्हाला थोडं जास्त जायला लागेल. दीड-दोन महिन्यांनी अर्धी वाटी, पुढे त्याहून थोडं अधिक. तेव्हा ‘पोट वाढलं’ म्हणून घाबरून मला पत्र लिहू नका. ते अपेक्षितच आहे.

खायचं कसं, हे तक्त्यात एका ओळीत असतं आणि शिकायला महिने लागतात. लहान मुलाचा चमचा घ्या. अर्धा चमचा तोंडात, लगदा असला तरी तोंडात घोळवा, चमचा खाली ठेवा. खरंच खाली ठेवा, हातात धरून बसू नका. हातातला चमचा आपोआप वाटीकडे जातो. मिनिटभर थांबून पुढचा. तीन-चार मोठे चमचे संपायला वीस मिनिटं लागली पाहिजेत. अर्ध्या तासाच्या वर मात्र ताणू नका; उरलं तर उरू द्या. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. आणि पोट भरल्याची जुनी खूण आता विसरा. तो जडपणा, ते सुस्तावणं येणारच नाही, आणि आलं तर समजा चार घास उशीर झाला. नवी खूण प्रत्येकाची वेगळी असते. छातीच्या हाडामागे हलका दाब, एखादी उचकी, अचानक गळायला लागलेलं नाक, आपोआप निघालेला उसासा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना हटकून शिंक येते. त्यांच्या घरात आता शिंक ऐकू आली की धाकटा मुलगा उठून आईची वाटी उचलतो. तुमची खूण कोणती ते दोन-तीन आठवडे एकटीने जेवून शोधा. दहा जणांच्या गलक्यात ती ऐकू येणार नाही.

मग चिप्स का गेल्या? कारण चिप्स लाळेत विरघळतात. तोंडातच त्यांची पातळ पेज होते आणि ती नळीतून घसरगुंडीसारखी खाली जाते. बिस्किटं, आइस्क्रीम, चॉकलेट, सगळ्यांचं तसंच. तुमचं पोट लहान झालंय, पण अशा घसरणाऱ्या खाण्यापुढे ते लहान राहत नाही. ते खाणं आत थांबतच नाही तर पोट भरणार कसं? दोन-तीन वर्षांनी वजन परत चढलेल्या लोकांशी मी बोलते तेव्हा भरल्या ताटाची गोष्ट क्वचित निघते. निघते ती अशा संध्याकाळच्या दहा-बारा चिप्सची. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. त्या दिवशी जे झालं ते झालं. पण ‘अंडं मानवत नाही, चिप्स मानवतात’ असा जो निष्कर्ष मनात आकार घेतोय ना, तो आत्ताच पुसून टाका. ज्यांचं पोटाचं बायपास (वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) झालंय त्यांना गोडाच्या बाबतीत शरीरच चापट मारतं. पाऊण-एक तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा. कधी दोन-तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. स्लीव्हमध्ये हा राखणदार बराचसा ढिला असतो. त्यामुळे राखण तुम्हालाच करावी लागेल.

या नळीतून जे काही जातं त्यात पहिला मान प्रोटीनचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम असतं, म्हणजे ज्या अंड्यासाठी एवढं रामायण झालं ते दिवसाच्या गरजेच्या एक दशांश. एवढ्याशा खाण्यातून ६० ग्रॅम गाठणं या आठवड्यांत जवळपास कुणालाच जमत नाही, म्हणून प्रोटीनची पावडर दिलेली असते. ती पातळ करून घोटाघोटाने घेतली की पाण्याच्या हिशोबातही धरता येते. तिचा वास नकोसा झाला असेल तर चव बदला, किंवा बिनचवीची घेऊन सुपात ढवळा; उकळत्यात नको, गुठळ्या होतात. दुधाने पोट फुगत असेल तर तेही सांगा. ऑपरेशननंतर काही जणांना दूध सोसत नाही, दही चालतं.

वजनाचा काटा. सहा दिवस! तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडतो हे इतकं ठरलेलं आहे, की ज्यांचा अडत नाही त्यांचंच मला नवल वाटतं. पहिल्या दिवसांत उतरलेल्या नऊ किलोंमध्ये बरंच पाणी होतं. शरीर साखरेचा एक राखीव साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधून ठेवतं. खाणं तुटलं, साठा संपला, पाणी वाहून गेलं, काटा झरझर उतरला. आता तुम्ही थोडं खायला लागलात, साठा थोडा भरला, पाणी परतलं. चरबी खाली जातेय आणि पाणी वर येतंय, काटा बिचारा मधे उभा. तो वजनकाटा पलंगाखाली सरकवा आणि आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी बाहेर काढा. या महिन्यात रोज मोजायच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: घोट, प्रोटीनचे ग्रॅम, चाललेली मिनिटं.

गोळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. घेताय ना? भूक कमी असताना गोळ्याही विसरल्या जातात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हा जन्मभराचा सोबती आहे. केस चांगले दिसायला लागले म्हणून वर्षाने सोडायचा नाही. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण शरीर एका वेळी पाच-सहाशेच्या वर घेत नाही, म्हणून विभागून. आणि लोहाची गोळी त्याच्यापासून दोन तास लांब, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. आणखी एक नाव लक्षात ठेवा: थायामिन, म्हणजे बी-१. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. उलट्या चालू राहिल्या तर तो संपतो आणि मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. एकेका उलटीला मी घाबरत नाही, पण रोजच्या उलट्या ‘होतं असं’ म्हणून कुणी अंगावर काढू नयेत, त्या यासाठी. पुढच्या काही आठवड्यांत पातळसुद्धा अडायला लागलं तर नळी कुठे आकसली आहे का हे बघावं लागतं, तेही सर्जनच बघतील. आणि डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा तसली वेदनाशामक गोळी घरातल्या डब्यातून काढून घेऊ नका; पोटात व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं का ते विचारून ठेवा. सिगारेटनेही व्रण होतो, तीही नको. दारू तर आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने डोक्यात जाईल, इतकंच सांगून पुढे जाते.

आईंचं ‘नवं खूळ’ मात्र मला मनापासून खोडून काढायचंय. त्यांना सांगा, हे खूळ कित्येक दशकं जुनं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनने वजनासाठी पोटाचं बायपास पहिल्यांदा केलं ते १९६६ साली. व्रणासाठी पोटाचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन मग वाढत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तुमचं स्लीव्ह तर मुळात एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होता. फार जाड आणि धोक्यातल्या रुग्णांचं आधी एवढंच करायचं, थोडं वजन उतरलं की उरलेलं करायचं, असा बेत असे. आणि मग दिसलं की कित्येकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडत नाही. अर्थात आईंना इतिहासाशी काही देणंघेणं नाही. त्यांना लेक जेवत नाही हे दिसतंय, आणि इतकी वर्षं ज्या एका कामातून त्यांनी माया दाखवली ते काम तुम्ही काढून घेतलंय. त्यांना दुसरं काम द्या. गाळणी आणि मिक्सर त्यांच्या ताब्यात द्या, तक्ता भिंतीवर लावा, संध्याकाळी त्यांना बरोबर घेऊन चाला. एकदा तपासणीला सोबत न्या आणि ‘दोन घास जास्त’ याने काय होतं ते सर्जनच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्या तोंडून ते त्यांना उर्मटपणा वाटेल.

आणि रडण्याचं. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक तयार होत असे, त्यामुळे पोटाची भूक आता बरीच मंदावली आहे. पण तुम्ही आयुष्यभर फक्त पोटासाठी खात होतात का? दमल्यावर, कंटाळल्यावर, कुणी टाकून बोललं की, मूल झोपल्यावरच्या शांततेत. ती एक जुनी मैत्रीण होती, चांगली म्हणा की वाईट, आणि तिला एका दिवसात घराबाहेर काढलंय. रात्री स्वयंपाकघरात तुम्ही तिलाच शोधायला गेला होतात असं मला वाटतं. यात वेडंवाकडं काही नाही. ‘हे मी काय करून बसले’ असं पहिल्या महिन्यात म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले बहुतेक सहा महिन्यांनी तेच वाक्य आठवून हसतात. तुम्ही आत्ता हसायची गरज नाही. त्या वेळेपुरता एक नवा उद्योग ठरवून ठेवा, ज्यात दोन्ही हात गुंततील. पण उदासी दोन आठवडे हटलीच नाही, झोप उडाली, जगण्यातच राम नाही असं वाटायला लागलं, तर ते ऑपरेशनच्या तपासणीतच सांगा. तोही उपचाराचाच भाग आहे.

विचारलं नाहीत, पण आधीच सांगते: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतील. ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन यांचा तो धक्का असतो, बहुतेकांचे पुढे परत येतात. आणि दुसरं मूल मनात असेल तर निदान वर्ष-दीड वर्ष थांबा. वजन उतरलं की दिवस लवकर राहतात, तेव्हा काळजी आतापासूनच घ्या.

अंड्याचं एवढं मनावर घेतलंय तर त्याचाही निकाल लावू. तक्त्यात मऊ पदार्थांचा आठवडा येईल, बहुधा पाचवा, तेव्हा अर्धं अंडं थोडं दूध घालून फेटा, मंद आचेवर हलवत राहा आणि ओलसर असतानाच उतरवा. घरात कुणी नसेल अशी वेळ निवडा. लहान चमचा, मधे मधे तो खाली ठेवणं, वीस मिनिटं. पहिल्या तीन चमच्यांत दाब जाणवला तर तिथेच थांबा आणि अंड्याला महिनाभर सुट्टी द्या. मऊ मासा, दही, घोटलेली डाळ, प्रोटीनला वाटा पुष्कळ आहेत. गेलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धंच. सगळं नाही. काय झालं ते कळवा, आणि पत्रात अंधारीचं आधी लिहा.